पाच फूट नऊ इंचांचं काय करायचं?

रिंगण : वाचकांचे प्रश्न, बास्केटबॉलची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की अमेरिकेतल्या मधल्या फळीच्या, म्हणजे मिड-मेजर, कॉलेज संघांना दरवर्षी पॉइंट गार्ड (चेंडू पुढं आणून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) शोधताना घाम फुटतो. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायला सांगितलं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माझी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. तिकडे एमएस करत असताना अशाच एका विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या ऑफिसात सामन्यांचे व्हिडिओ कापायचं काम मला मिळालं होतं. नवी पोरं निवडायच्या बैठका चालायच्या तेव्हा कोपऱ्यात बसून प्रोजेक्टर चालवायचो. आता सकाळी फौंड्रीवर जायच्या आधी इथल्या पोरांना शिकवतो. कोच म्हणून माझं कुठं नाव नाही, जे कानावर पडलं आणि डोळ्यांनी बघितलं ते सांगतो.

काका, हे मिड-मेजर म्हणजे नक्की काय असतं? आणि ज्या संघांना कुत्रं विचारत नाही तिथं पोरगं पाठवून काय उपयोग? त्यापेक्षा शाहू स्टेडियमवर खेळलेलं बरं. नाद खुळा!
– एक फुटबॉलवाला, मंगळवार पेठ

शाहू स्टेडियमची बरोबरी मी करत नाही, मलाही याच गावात राहायचंय. पण प्रश्नाचं उत्तर देतो. एनसीएए ही तिकडच्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या वरच्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त बास्केटबॉल संघ आहेत. एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसईसी आणि बास्केटबॉलपुरती बिग ईस्ट, या गटांकडे टीव्हीचा पैसा आणि मोठी मैदानं. उरलेल्या गटांतल्या संघांना ढोबळमानानं मिड-मेजर म्हणतात. यांचे प्रवास बहुतेक बसनं, खुर्च्या निम्म्या रिकाम्या, आणि सगळी आशा मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेवर. तिथं कधीतरी बड्याला उताणं पाडता येतं. २०१८ मध्ये यूएमबीसी या मिड-मेजर विद्यापीठानं पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. सोळाव्या मानांकनाचा संघ पहिल्याला हरवतो, असं पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कधी घडलंच नव्हतं.

कुत्रं विचारत नाही म्हणता, तर ही नावं बघा. जॉन स्टॉकटन गोन्झागाचा. एनबीएत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, १५,८०६ असिस्ट (साथीदाराला बास्केट करून देणारे पास), तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. स्टीव्ह नॅश सांता क्लाराचा, डेमियन लिलार्ड वेबर स्टेटचा, जा मोरँट मरे स्टेटचा. स्टेफन करीचे वडील ज्या व्हर्जिनिया टेककडून खेळले त्यांनी पोराला स्कॉलरशिप दिली नाही, म्हणून तो डेव्हिडसनला गेला आणि २००८ मध्ये त्या छोट्या कॉलेजाला देशातल्या शेवटच्या आठांत घेऊन गेला.

हे सगळे गार्ड आहेत हे लक्षात आलं का? सात फुटी पोरगं नववी-दहावीतच सगळ्यांच्या नजरेत भरतं आणि बडे संघ ते आधीच उचलतात. सहा फुटी पोराचं डोकं दिसायला वेळ लागतो. मिड-मेजरचा कोच जगतो तो याच उशिरावर. मोरँटची गोष्ट तिकडे सगळ्यांना पाठ आहे. मरे स्टेटचा असिस्टंट कोच एका शिबिरात दुसऱ्याच मुलाला बघायला गेला होता. मध्ये काहीतरी खायला घ्यायला निघाला, तर मागच्या छोट्या जिममधून चेंडूचा आवाज आला. आत डोकावला, तिथं मोरँट खेळत होता. शाळेत असताना हाच पोरगा झायन विल्यमसनबरोबर एका संघात होता. देशभरातले कोच झायनला बघायला यायचे आणि शेजारच्या काटकुळ्या गार्डकडे बघून न बघितल्यासारखं करून जायचे. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, झायन पहिला आणि मोरँट दुसरा.

सर, माझा मुलगा अकरावीत आहे. उंची पाच फूट नऊ इंच, पॉइंट गार्ड खेळतो. शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेला होता. एका एजंटनं अमेरिकेत शंभर टक्के स्कॉलरशिप करून देतो म्हणून अडीच लाख आत्ता आणि काम झाल्यावर स्कॉलरशिपवर टक्केवारी मागितली आहे. त्यानं गाणं लावून तीन मिनिटांचा व्हिडिओही करून दिला, लिंक पाठवतोय. घरात मतभेद आहेत. मी एफडी मोडायला तयार आहे. करू का?
– एक वडील, कसबा बावडा

दादा, एफडी मोडू नका.

पैशाचं आधी बोलतो, कारण तुम्हाला घाई तिथली आहे. खेळाडूची माहिती कॉलेजांना पाठवणारी सेवा पैसे देऊन वापरायला एनसीएएची हरकत नाही, पण त्या सेवेची फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून असलेली चालत नाही. म्हणजे काम झाल्यावर टक्केवारी हा करार केलात तर ज्या कामासाठी पैसे देताय त्यातच तुमच्या पोराची पात्रता अडचणीत येऊ शकते. आणि शंभर टक्के खात्री तर तिथला हेड कोचसुद्धा देऊ शकत नाही. प्रवेश विद्यापीठ देतं, पात्रता एनसीएए ठरवते, व्हिसा वकिलात देते. या तिन्ही ठिकाणी ज्याचं चालतं असा माणूस तुमच्या बावड्यात अडीच लाखांसाठी कशाला येईल?

आता तो व्हिडिओ. मी बघितला. असे व्हिडिओ आमच्या त्या ऑफिसात ढिगानं यायचे. असिस्टंट कोच मिनिटभर बघायचा. पोरगं पळतंय कसं आणि चेंडू हातात बसतोय का एवढं कळलं की बंद करायचा, आणि मला म्हणायचा, पूर्ण सामना मागव. शक्यतो हरलेला.

हरलेला का, ते मला तिथं काम करताना उमजलं. जिंकताना सगळेच गार्ड शहाणे दिसतात. बारा गुणांनी मागे असताना, पंच विरोधात शिट्टी वाजवत असताना आणि आपण दिलेले तीन पास साथीदारानं हातातून सोडलेले असताना चौथा पास पोरगं त्याच साथीदाराला देतं का, हे कोचला बघायचं असतं. मला जे तुकडे वेगळे काढायला लावायचे त्यांत बास्केट फार नसायची. चेंडू गमावल्यानंतरचे पाच सेकंद. बदली झाल्यावर बाकावर बसताना तोंड कसं आहे ते. साथीदार अडवायला उभा राहून वाट करून देतो तेव्हा गार्डची नजर रिंगकडे जाते की पलीकडच्या कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या शूटरकडे. दोघांनी घेरल्यावर डावा हात चालतो का. शेवटच्या चार मिनिटांत चेंडू हवासा वाटतो की नकोसा. शूटिंग शिकवता येतं, हे तिकडे जो तो म्हणतो. ते पूर्ण खरं नाही, पण मधल्या फळीतला कोच तेवढा जुगार खेळतो. डोकं मात्र त्याला तयार हवं असतं, कारण हंगामाला सुरुवात झाली की शिकवायला वेळ कुठला?

तुमच्या व्हिडिओत सगळी बास्केट उजव्या हाताची आहेत, बहुतेक लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकलेली, समोर कुणी नसताना. दुसऱ्या मिनिटाच्या आसपास मात्र एक तुकडा आहे. तुमचा मुलगा चेंडू नाचवत नाचवत एका उंच पोराला हातानं खूण करून जागा बदलायला लावतो, बचाव करणारा त्या बाजूला वळतो आणि पास भलत्याच ठिकाणी जातो. तिथंच एजंटनं कात्री चालवली आहे, कारण पुढं त्या पोराचा शॉट चुकला असणार. माझ्या मते सगळ्या व्हिडिओत बघण्यासारखी तेवढीच गोष्ट होती.

दुसरं, त्यात उंची पाच अकरा लिहिली आहे. खोडा. कोच भेटला की हात मिळवतानाच त्याला कळतं, आणि उंची खोटी म्हणजे गुणपत्रिकाही खोटी असेल अशी शंका तिथूनच सुरू होते. पाच नऊचे गार्ड तिकडे आहेत, पण मोजके, आणि ते पायानं विलक्षण चपळ असतात. नेहमीचा गार्ड सहा ते सहा-तीन. तुमचा मुलगा अजून वाढेल की नाही हे तुम्ही, मी किंवा एजंट कुणीच सांगू शकत नाही.

खरी अडचण उंचीपेक्षा वेगळी आहे. भारतातून डिव्हिजन वनला गेलेली पोरं बघा. मोहालीचा अमान संधू मॉनमथला, हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात, बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनात. तिन्ही संघ मिड-मेजर आणि तिघंही उंच खेळाडू, गार्ड नव्हेत. २०१५ मध्ये एनबीएतल्या डलास मॅव्हरिक्सनं ५२व्या क्रमांकावर निवडलेला सतनाम सिंग तर सात फुटांच्याही वर. उंची कुठल्याही मैदानावर मोजता येते, समोर कोण होतं याला महत्त्व नाही. गार्डचं तसं नसतं. त्याचं खरं माप समोरच्या गार्डवरून निघतं. तुमच्या मुलानं विभागीय स्पर्धेत तीस गुण केले असतील, पण त्याला अडवणारं पोरगं कोण होतं हे ओहायोतल्या कोचला कसं कळणार?

नॅशपुढं हीच अडचण होती. कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरातल्या शाळेचा पोरगा, अमेरिकेत कुणी त्याच्याशी खेळलेलं नाही. त्याच्या शाळेच्या कोचनं तीसहून जास्त विद्यापीठांना पत्रं आणि टेप पाठवल्या. स्कॉलरशिप देणारं एकच निघालं, सांता क्लारा. तिथला कोच डिक डेव्ही टेप बघून थांबला नाही, स्वतः जाऊन बघून आला. १९९३ मध्ये त्याच सांता क्लारानं पंधराव्या मानांकनावरून दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला ६४-६१ असं हरवलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पहिल्या वर्षाचा नॅश फ्री थ्रोमागून फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) टाकत होता. पुढं दोनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. ही गोष्ट तुमच्या मुलाला स्वप्न दाखवायला सांगत नाही, ती त्या शाळेच्या कोचसाठी सांगतोय. तीस पत्रं लिहिणारा माणूस तुमच्या मुलाजवळ आहे का? नसेल तर तुम्ही व्हा. अडीच लाखांचं काम पोस्टाच्या आणि इंटरनेटच्या खर्चात होतं.

कसं करायचं ते सांगतो. मुलाला राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचू द्या. राज्य संघाकडून राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत खेळला तर समोर कोण होतं याचं निदान एक उत्तर तयार होतं. तिथले दोन पूर्ण सामने चित्रित करा. मोबाइल उंच जागी, मधल्या रेषेसमोर, तिकाटण्यावर. गॅलरी नसेल तर शेजारच्या इमारतीच्या जिन्यात उभे राहा. चेंडूच्या मागं कॅमेरा फिरवू नका, दहाच्या दहा खेळाडू दिसले पाहिजेत. आणि कॅमेऱ्याजवळ तुम्ही स्वतः उभे राहू नका, कारण पूर्ण सामनाभर "मार रं, मार रं" ऐकू येतं. (तुमच्या व्हिडिओत गाण्याखालूनही आलंय.)

मग विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर संघाची यादी उघडा. प्रत्येक खेळाडूपुढं त्याचं वर्ष लिहिलेलं असतं. जिथं दोन गार्ड शेवटच्या वर्षाला आहेत तिथं जागा होणार. ईमेल हेड कोचपेक्षा असिस्टंट कोचला पाठवा, शोधायचं काम तोच करतो. आठ ओळी पुरेत. नाव, बूट काढून मोजलेली उंची, बारावीचं वर्ष, गुण, दोन लिंक, तुमच्या कोचचा नंबर. बहुतेक संघांच्या पानावर इच्छुक खेळाडूंसाठी अर्जही असतो, फुकट.

आणि यादीत फक्त डिव्हिजन वन ठेवू नका. माझ्या अंदाजानं तुमच्या मुलाला आज तिथं दार उघडणं अवघड आहे. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, पण गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत देतात, आणि तिथला कोच परदेशातून आलेलं ईमेल खरंच वाचतो. उरलेला खर्च किती पडतो ते त्यांच्याकडून लेखी मागवा. तेव्हा कुठं एफडीचा विचार करू.

मुलगी दहावीत आहे, जिल्ह्याच्या संघात गार्ड खेळते. क्लासचे सर म्हणतात, हे वर्ष खेळ बंद. तिकडच्या कॉलेजात दहावीचे गुण बघतात का? मुलींनाही स्कॉलरशिप असते का? आणि बारावीनंतर नीटसाठी एक वर्ष थांबली तर चालेल का?
– एक आई, राजारामपुरी

मुलींना असते, आणि डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या १३ पूर्ण स्कॉलरशिप होत्या त्या काळात महिला संघाला १५ असायच्या. २०२५-२६ पासून कोर्टानं मंजूर केलेल्या नव्या तडजोडीत (तिच्याविषयी पुढच्या उत्तरात) सामील झालेल्या विद्यापीठांत दोन्हीकडे संघातल्या खेळाडूंचीच मर्यादा १५ झाली आहे.

गुण दहावीचे काय, नववीचेही बघतात. वहिनी, नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत गेलं नसेल तर आजच फाइलला लावा. एनसीएए नववीपासूनचा अभ्यास मोजते. मुख्य विषयांचे मिळून १६ वार्षिक अभ्यासक्रम लागतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, भाषा हे धरतात. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण धरत नाहीत. या विषयांची सरासरी त्यांच्या चार गुणांच्या मापात डिव्हिजन वनसाठी निदान २.३ हवी. गणित तीन वर्षांचं लागतं, आणि इथंच आपल्या मुली अडकतात. अकरावीला कला किंवा वाणिज्य घेतलं की पहिलं गणित सुटतं. तुमच्या मुलीला शाखा कुठलीही घेऊ दे, गणित सोडू देऊ नका. एनसीएएनं स्वतःची एसएटी या परीक्षेची अट २०२३ मध्ये काढून टाकली, पण विद्यापीठ आपल्या प्रवेशासाठी मागू शकतं, आणि टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी लागतेच.

नीटचं वर्ष. बास्केटबॉलमध्ये बारावीनंतर साधारण एका वर्षाची सवलत मिळते. त्यानंतरही कॉलेजात दाखल न होता स्पर्धा खेळत राहिली तर तिच्या खात्यातली खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. दोन-दोन वेळा नीट देता देता क्लबकडून खेळणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही. हे नियम दरवर्षी हलतात, त्यामुळं अर्ज करताना एनसीएएच्या संकेतस्थळावरचा त्या वर्षीचा मजकूर मुलीकडून वाचून घ्या.

क्लासच्या सरांशी माझं भांडण नाही. पण गार्डचं एक वर्ष हातातून गेलं की परत येताना हात येतो, नजर लवकर येत नाही. रोज नको, आठवड्यातून तीन सकाळी कोर्टावर पाठवा. दहावीच्या मुलीला तेवढा मोकळा वारा नाहीतरी लागतो. आणि तिला शिरीन लिमयेचे भारताकडून खेळलेले सामने दाखवा. पुण्याची मुलगी देशाची कर्णधार झाली, हे घरात सगळ्यांनी बघितलेलं बरं.

काका, तिकडं कॉलेजच्या पोरांना कोटीत पैसे मिळतात हे खरं आहे का? मित्र म्हणतो ट्रान्सफर पोर्टलमधून दरवर्षी टीम बदलायची आणि पैसे वाढवायचे. मी १५ वर्षांचा आहे.
– जयसिंगपूर

काहींना मिळतात, खरं आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायला परवानगी मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मिड-मेजर यातला किती भाग देऊ शकतात ते तूच ताड. शिवाय तू जाशील विद्यार्थी व्हिसावर, आणि त्यावर बाहेर काम करून पैसे घ्यायला कडक मर्यादा आहेत. बुटाच्या दुकानाची जाहिरात केलीस आणि व्हिसा गेला, असं व्हायला नको. तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नकोस.

पोर्टलचं तुझा मित्र अर्धंच सांगतोय. ही बदली मागणाऱ्या खेळाडूंची यादी २०१८ मध्ये सुरू झाली, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्याला कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येतं. झालं काय, मिड-मेजरनं घडवलेला गार्ड एका चांगल्या हंगामानंतर बड्या संघात जातो. मग त्या कोचला रिकामी जागा भरायची असते. त्याच्यापुढं दोन पर्याय असतात, पोर्टलमधला २२ वर्षांचा, ६० सामने खेळलेला गार्ड किंवा जयसिंगपूरचा १७ वर्षांचा तू. त्याची नोकरी पुढच्या मार्चवर अवलंबून आहे. तो कुणाला घेईल?

म्हणून आज शाळेतून थेट जाणाऱ्या पोरांच्या जागा कमी झाल्यात. दुसऱ्या वाटा आहेत. दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज आहे (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, तिकडं ते बारावीनंतरचं असतं), डिव्हिजन टू आहे, एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे. तिथं चमकलास तर हेच पोर्टल पुढं तुझ्या बाजूनं चालेल. तुला पंधराव्या वर्षी पैशाचं कळतं, हे वाईट नाही. पण पत्रात डाव्या हाताविषयी एक ओळ असती तर मला जास्त आवडलं असतं.

सर, मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या गावाला फुटबॉलचं वेड, बास्केटबॉलला पोरं कमी येतात. बारकं पोरगं दिसलं की त्याला गार्ड करतो, उंच असलं की रिंगखाली. पॉइंट गार्ड घडवायचा कसा? माझ्याकडं एक चांगला आहे, पण कोर्टावर तोंड उघडत नाही, फार लाजतो. आणि पावसाळ्यात चार महिने कोर्टावर पाणी.
– गडहिंग्लज

सर, आधी ती बारक्याची आणि उंचाची वाटणी बंद करा. शाळेत उंच पोरगं कायमचं रिंगखाली उभं केलं की त्याला चेंडू खेळवायला कधी येतच नाही. एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड खेळायचा, मग थोड्या काळात आठेक इंच वाढला. उंच झाल्यावरही हातात गार्डची सफाई राहिली म्हणून तो एवढा वेगळा ठरला. सातवी-आठवीपर्यंत सगळ्यांनी चेंडू पुढं आणायचा. कोण गार्ड आहे ते नंतर आपोआप दिसतं, आणि बऱ्याचदा ते तुम्हाला वाटलं होतं ते पोरगं नसतं.

फुटबॉलवाली पोरं येत असतील तर आनंदानं घ्या. मधल्या फळीत खेळणाऱ्या पोराला मान वर ठेवून चेंडू न्यायची आणि मागं कोण आहे हे बघायची सवय असते. त्याला हातानं खेळायला शिकवायला एक हंगाम लागेल, बघायला शिकवावं लागणार नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच स्थानिक सामन्यांत २४ सेकंदांचं घड्याळच (तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा असं सांगणारं) नसतं. पोरगं चेंडू घेऊन फिरत राहतं आणि त्याला गार्ड म्हणतात. सरावात मोबाइलवर घड्याळ लावा, मोठ्यानं वाजू द्या. अमेरिकन कॉलेजात ३० सेकंद मिळतात, आंतरराष्ट्रीय नियमांत २४. पोराला २४ ची सवय असेल तर तिकडं त्याला उसंतच वाटेल. कधी १४ लावा. कधी त्याच्या बाजूला चारच खेळाडू द्या आणि समोर पाच. कधी अर्धा तास सगळ्यांनी डाव्याच हातानं खेळायचं. पोरं चिडतात, हसतात, दोन महिन्यांत फरक दिसतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते सांगतो. सराव सामन्यात तुम्ही गप्प बसा. टाइमआउट कधी घ्यायचा ते गार्डनं ठरवायचं, पुढची चाल त्यानं सांगायची. कुस्ती सुरू झाल्यावर वस्ताद आखाड्यात उतरत नाही, तसं. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ होईल. तुम्हाला शिट्टी गिळून बसावं लागेल. पण तुम्ही बाहेरून ओरडत राहिलात तर त्याचं डोकं तुमच्या आवाजाची वाट बघत थांबतं, आणि त्या निवड बैठकांत अशी पोरं व्हिडिओवर लगेच ओळखू यायची. प्रत्येक चालीआधी त्यांची मान बाकाकडे वळायची. यादीतून नाव तिथंच जायचं.

एक वही करा. सामन्यात गार्डनं चेंडू गमावला की का गमावला तेवढं लिहायचं. उशिरा पास दिला, दिसलाच नाही, डाव्या बाजूला ढकलला गेला, असं काहीही चालेल. महिन्यानं वही त्याच्या हातात द्या, तुम्ही काही बोलू नका. तो स्वतःच सांगेल कशावर मेहनत घ्यायची. हीच वही पुढं एखाद्या कोचला ईमेलबरोबर पाठवली तर तो दचकेल, कारण शाळेच्या पातळीवरची अशी नोंद त्यानं सहसा बघितलेली नसते.

पावसाळ्याचं दुःख मला माहीत आहे, जुलैत आमच्याही कोर्टावर म्हैस बसेल एवढं पाणी असतं. शाळेच्या व्हरांड्यात खडूनं अर्धं कोर्ट आखा आणि चेंडूशिवाय चाली चालवा. चेंडू नसला की पोरांना जागा दिसायला लागतात. दोन चेंडू एकाच वेळी खेळवायला तर भिंतीलगतची चार फूट जागा पुरते. चेंडू नसला की पोरांना जागा दिसायला लागतात.

राहिला लाजरा पोरगा. त्याला "बोल रे, बोल रे" म्हणू नका, त्यानं तो अजून आत जाईल. त्याला काम द्या. फ्री थ्रोसाठी खेळ थांबला की त्यानं चौघांजवळ जायचं आणि प्रत्येकाला एवढंच सांगायचं की तू कुणाला धरायचंस. ओरडायचं नाही, कानात सांगितलं तरी चालेल. समोरच्यांचे नंबर त्याला आधी पाठ करावे लागतील, त्यासाठी नजर फिरवावी लागेल, आणि चौघांपैकी एकजण तरी "नाही रे, तो तुझा" म्हणून वाद घालेलच. वाद घालताना लाजता येत नाही. हे एक हंगाम करून बघा, आणि पुढच्या पत्रात त्या चौघांचं त्याच्याविषयी काय मत आहे तेही विचारून कळवा.